गहू बंद आणि वजन वाढले!

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना मी वर्गात हमखास एक प्रश्न विचारतो. एका किरकोळ प्रकृतीच्या मुलाच्या आहारातून गव्हाचे पदार्थ काढले आणि तेवढ्याच उष्मांकांचा भात व भाकरी दिली, तर त्याचे वजन वाढेल का? "ऊर्जा तेवढीच, मग वजन कसे वाढेल?" असे बहुतेक जण म्हणतात. पण त्या मुलाला सीलिअ‍ॅक रोग असेल, तर वजन वाढते! नियम मोडतो असे नव्हे. तोंडात गेलेले अन्न आणि रक्तात पोचलेले अन्न यांत फरक आहे, हे आपण हिशेबात विसरतो.

अन्नाचे शोषण लहान आतड्यात होते. त्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. या रचनेमुळे प्रौढ माणसात शोषणासाठी सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहानशा वर्गखोलीएवढे क्षेत्रफळ मिळते. (जुन्या पुस्तकांत टेनिसच्या मैदानाची उपमा आढळेल, ती फार मोठी ठरली आहे.) सीलिअ‍ॅक रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लुटेन या प्रथिनामुळे बिथरते आणि रसांकुर झिजून सपाट होतात. अंकुर गेले की क्षेत्रफळही गेले.

ग्लुटेन पाहायचे असेल, तर कणकेचा गोळा अर्धा तास मुरवून पाण्यात चोळून धुवा. पिष्ट वाहून जाते आणि रबरासारखा चिवट लगदा हातात उरतो. तेच ग्लुटेन. ज्वारीचे पीठ असे धुतले, तर हाती काहीच राहत नाही. म्हणून तर भाकरी थापताना गरम पाणी घ्यावे लागते!

आता थोडे गणित करू. समजा, मूल रोज ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाते. निरोगी आतडे त्यांतील जवळजवळ सगळे शोषून घेते. रोगट आतड्याने ७० टक्केच घेतले असे धरू. मग १५ ग्रॅम वाया गेले. दर ग्रॅमला ९ किलोकॅलरी, म्हणजे रोज १३५ किलोकॅलरींची गळती. पाच-सहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण २ किलोग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेपाच ग्रॅम वाढते. एक ग्रॅम वाढीला सुमारे ५ किलोकॅलरी लागतात असे मानले, तर वाढीचा रोजचा खर्च ३० किलोकॅलरीही होत नाही. गळती त्याच्या चौपटीहून जास्त! मूल भरपूर जेवूनही का खुरटते, ते आता ध्यानात येईल.

हे कोडे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडवले. गव्हाविषयी त्यांना युद्धापूर्वीपासूनच शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव दुर्मीळ झाला. पण या रोगाची मुले खालावली नाहीत. गव्हावरचा संशय बळावला. गहू दिला की मुलांची वाढ खुंटते, काढला की सुरू होते, हे त्यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवले. पुढे व्हान द कामर व वायर्स या सहकाऱ्यांसह, मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजून, दोष पिष्टाचा नसून ग्लुटेनचा आहे हे सिद्ध केले. किळसवाणे वाटेल, पण गळती मोजायची तर नळीच्या दुसऱ्या टोकाशीच मोजली पाहिजे.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. हा रोग फक्त हडकुळ्यांना होतो असे नाही. पुष्कळ रुग्णांचे वजन बेताचे, काहींचे तर जास्तही असते. त्यांच्यापैकी काहींत केवळ रक्तक्षय दिसतो. तसेच पथ्य सुरू झाल्यावर आतडे बरे होते, पण पूर्वीची जास्त खाण्याची सवय सुटत नाही. त्यात ग्लुटेनविरहित बिस्किटांतील साखर आणि तूप-तेल यांची भर पडली, की वजन नको तितके वाढते. निरोगी माणसाने गहू सोडला म्हणून काही आतड्याचे क्षेत्रफळ बदलत नाही.

शंका आली, तर आधी रक्ततपासणी करावी, मग गहू सोडावा. उलट केले, तर तपासणीत दिसणारी प्रतिपिंडे कमी होतात आणि रोग लपून राहतो. पथ्य जन्मभराचे आहे आणि रवा, मैदा, जव हेही त्यात वर्ज्य. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर मागाहून दळलेल्या ज्वारीत तो मिसळतोच. अशा घरांत ज्वारी वेगळ्या घरघंटीवर दळतात.