जिओफोनची उसनी ओएस

दीड हजार रुपये अनामत घेऊन २०१७मध्ये आलेल्या जिओफोनची ऑपरेटिंग सिस्टीम जिओने घडवलेली नव्हती. ती होती कायओएस, आणि तिचा पाया म्हणजे मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसचा मुक्त कोड. हिशेब सरळ आहे: ५१२ एमबी रॅमच्या फोनमागे अभियंत्यांची फौज पोसण्याइतका नफा सुटत नाही.

अशाने लगाम परक्या हाती जातो, हा आक्षेप रास्तच. २०१८मध्ये मिळालेलं व्हॉट्सॲप २०२४मध्ये कायओएसच्या स्टोअरमधून गेलं. पण तो निर्णय मेटाचा. घरच्या ओएसनेही तो टळला नसता. उलट, एकाच कंपनीच्या ओएससाठी ॲप लिहायला मेटा आली तरी असती का? माझी तक्रार वेगळीच आहे: सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार, हे स्वस्त फोनच्या खोक्यावर छापलेलं का नसतं?