पिल्लू घेताना काय मागाल?

ऑगस्ट २०१७मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा एमआयडीसीतले भटके कुत्रे कारखान्याच्या रंगामुळे निळे दिसू लागले, तेव्हा प्रदूषण डोळ्यांना दिसलं. विकाऊ पिल्लाचं दुखणं असं दिसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने श्वान प्रजनन व विक्रीचे नियम लागू केले. त्यानुसार ब्रीडरकडे हे तपासा :

■ राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी
■ पिल्लाचं वय : किमान ८ आठवडे
■ लसीकरणाची नोंद, मायक्रोचिप, पावती
■ प्रजननासाठीची मादी किमान १८ महिन्यांची. वर्षाला एकच वेत

लक्षात ठेवा : पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणं लागण झाल्यावर काही दिवसांनी उमटतात, विक्रीच्या दिवशी पिल्लू टुणटुणीत दिसू शकतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून ते घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा.