बोअर बदलून प्रश्न सुटत नाही

पांढुर्णा-सौंसरचा पट्टा राज्याने मध्य प्रदेशाचा, पण भाषेने आणि शेतीने विदर्भाचा सख्खा शेजारी. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला; त्यातील सौंसर तालुक्यात बोरगाव आहे. संत्री आणि कापूस ही या भागाची पिके व रानडुकरांचा उपद्रव ही इथली तक्रार. आंबा-काजूच्या कोकणी बागायतदाराला ती वेगळी समजावून सांगायला नको. अशा मुलखात घरी वाडवडिलांची शिकारी रायफल असली आणि तिची काडतुसे मिळेनाशी झाली, तर सहज मिळणाऱ्या काडतुसासाठी तिचा बोअर बदलून घ्यावा असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक ते सारेच हिताचे नसते.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. आपल्या देशात हा आकडा शिकाऱ्याच्या गरजेपेक्षा सत्तेच्या भीतीने अधिक ठरवला. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 450 बोअर हिंदुस्थानात निषिद्ध ठरला; तेव्हा विलायतेतील कारखानदारांनी 465, 470 असे नवे बोअर काढून साहेबांच्या शिकारीची सोय लावली. 303 हे तर फौजेचेच माप. म्हणून त्याच ली-एन्फिल्डच्या धाटणीवर 315 ची नळी चढवून खाजगी शिकारीची रायफल सिद्ध झाली. एक माप सुमारे 7.7 मिलिमीटरचे, दुसरे 8 चे. एवढ्या केसभर फरकावर प्रजेची राजनिष्ठा तोलली जात होती! उलट पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी त्याच 303 ची नळी पोखरून 410 ची एकबारी बंदूक करण्यात आली. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क कराची काँग्रेसने 1931 साली ठरावात नोंदवला, त्यामागे हा अपमान होता. स्वतंत्र भारताने 1959 साली नवा शस्त्र कायदा केला. इशापूरच्या सरकारी कारखान्यातून 315 ची रायफल निघत राहिली आणि 303 मात्र सामान्य नागरिकाला निषिद्धच राहिला.

बोल्टची रायफल रूपांतराला सोपी दिसते, आणि धोका तिथेच आहे. नळी बदलून काम संपत नाही. काडतुसाचे घर, काडतुसाची कडा धरणारे बोल्टचे तोंड, काडतूसपेटी आणि बंद बोल्टपुढे उरणारे सूक्ष्म अंतर, ही सारी मापे एकमेकांशी जुळावी लागतात. बार उडताना आत दर चौरस इंचावर हजारो पौंडांचा दाब येतो, तोही नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर इशापूरने याच जुन्या धाटणीची रायफल 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली, तेव्हा नवे काडतूस जुन्या पोलादावर सोपवले नाही. अधिक मजबूत पोलाद वापरले. जिथे सरकारी कारखान्याने एवढी खबरदारी घेतली, तिथे गावच्या कानशीवर जीव कसा सोपवावा?

कायदाही स्पष्ट आहे. शस्त्राचे रूपांतर करण्यास 5 व्या कलमान्वये परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे हेही 6 व्या कलमाच्या कक्षेत आणले. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्याबाबत परवानगी देण्याची तरतूद 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 11 व्या कलमात आहे, पण ती देणे वन खात्याच्या हाती.

शेतकऱ्याला कायद्याचे पाठ देऊन सरकारने मात्र हात झटकू नयेत. डुकरे रात्रीत पीक उलथतात आणि अर्ज टेबलामागून टेबल फिरतो, ही स्थिती पालटली पाहिजे. नुकसानभरपाई हंगाम उलटण्याआधी हाती पडावी, 11 व्या कलमाखालील अर्जांचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागावा आणि जुनी शस्त्रे तपासून घेण्याची अधिकृत सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असावी, अशी आमची मागणी आहे. परक्या सरकारला प्रजेच्या हातातील नळीचे भय होते. आपल्या सरकारला तिच्या शेताची काळजी असावी, एवढी अपेक्षा वावगी नाही.