विरजणाचा जंतू, चिपाड आणि आपले वाढे

सभासद बंधूंनो,

आंबागडच्या गटसभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, चिपाडापासून प्लास्टिक होते म्हणतात. मग आमच्या पाचटाला भाव कधी?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो.

दुधाला विरजण लावले की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आंबट आम्ल सोडतात. तेच लॅक्टिक आम्ल. खाद्यपदार्थ, औषधे, चामड्याचा धंदा यांत ते लागते. त्यापासून कुजणारे प्लास्टिकही होते.

चिपाडातही साखर आहे, पण सेल्युलोजच्या लांब साखळीत जखडलेली. जंतूला ती थेट खाता येत नाही. म्हणून आधी चिपाडावर रासायनिक प्रक्रिया करतात, मग विकरांनी साखळी तोडतात. आम्ल फार वाढले तर जंतूच थंडावतो, म्हणून चुनखडी घालून ते आवरावे लागते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हे करून दाखवले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिटरमागे ८० ग्रॅम सेल्युलोजपासून ६७ ग्रॅम आम्ल मिळाले. पण ध्यानात घ्या, ते ८० ग्रॅम चिपाड नव्हे. चिपाडात सेल्युलोज निम्म्याहून कमीच. विकरांचा खर्चही मोठा. म्हणून जगात हे आम्ल आजही मुख्यतः मका आणि साखरेपासूनच बनते. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राज कंपनीने जेजुरीला अशा प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. वाट तयार होते आहे, पण त्या आशेवर पाचटाचे ढीग लावू नका.

मात्र हाच जंतू तुमच्या बांधावर फुकट राबायला तयार आहे. तोडणीनंतरचे हिरवे वाढे थोडे सुकवा, इंचभर कुट्टी करा, टनामागे दहा-वीस किलो मळी पाण्यात कालवून शिंपडा. खड्ड्यात किंवा पिशवीत थरावर थर दाबून भरा आणि हवाबंद करा. हवा राहिली की बुरशी आलीच. जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे चारा सडत नाही. दीड महिन्याने उघडा. आंबूस गोड वास आला तर मुरघास साधला. बुरशीचा भाग फेकून द्या. सुरुवातीला थोडाच घाला, सोबत खनिज मिश्रण द्या, कारण नुसत्या वाढ्यांनी जनावराचे कॅल्शियम घटते.

वाळल्या पाचटाचा मुरघास होत नाही. ते सरीत कुजू द्या, पण काडी लावू नका. उन्हाळ्यात चारा विकत घ्यायचा की खड्डा उघडायचा, हे तोडणीच्या दिवशीच ठरते.

आपला,
ऊस विकास अधिकारी