पदकाच्या कडेवरचा पणजा

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात डॉक्टर होते, बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात होते आणि गोऱ्या शिपायांनाही त्यांनी औषधपाणी केले, ही ती गोष्ट. दापोलीकडच्या आमच्या गावात अजूनही म्हातारी माणसे आमच्या घराला 'डागदराचं घर' म्हणतात. काही वर्षांपूर्वी आमची पुतणी एम.बी.बी.एस. झाली. समाजमंदिरात सत्कार झाला. "डॉक्टरकी या घराण्याच्या रक्तातच आहे," असे एका वक्त्याने सांगितले आणि टाळ्या पडल्या. जन्मावरून गुण ठरवण्याची ही भाषा आपली नव्हे. पण हार गळ्यात असताना तसे बोलायला कोण उठणार? टाळ्या आम्हीही वाजवल्या.

घरी येताना मात्र एक साधा हिशेब मनात घोळू लागला. बाबासाहेब मॅट्रिक झाले ते १९०७ साली. अस्पृश्याचा मुलगा मॅट्रिक होतो ही गोष्टच इतकी अपूर्व होती की, मुंबईत सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ज्या काळी एका मॅट्रिकसाठी सभा भरत होती, त्या काळी कोकणातल्या महारवाड्यातला एक तरुण डॉक्टर होऊन इराकात गेला आणि त्याची सभा कुठेच भरली नाही, हे कसे?

म्हणून आम्ही शोधायला बसलो. लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांची एक जाडजूड यादी आहे. क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टराने ती केली, १६१५ पासून १९३० पर्यंतची. तीत आमचे पणजोबा नाहीत. हे अपेक्षितच होते. त्या सेवेत शिरायचे तर परीक्षा विलायतेत जाऊन द्यायची असे. त्याखाली सब-असिस्टंट सर्जन असत, सरकारी वैद्यकीय शाळांतून इंग्रजीत शिकलेले. आमचे पणजोबा मोडी अक्षरे कशीबशी लावत. म्हणजे तेही दार बंद.

या वाचनात कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी भेटले. कलकत्त्याचे, वैद्यकीय सेवेतले अधिकारी. टाउनशेंडच्या फौजेबरोबर ते मेसोपोटेमियात गेले, कूतच्या वेढ्यात सापडले, २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेल्यावर तुर्कांचे कैदी झाले आणि १९१७ साली रास-अल-ऐन इथे तापाने गेले. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, नातवाची पत्रे जुळवून 'कल्याण-प्रदीप' हे चरित्र लिहिले. ते १९२८ साली छापून निघाले. या आजीबाई काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी. नातवाच्या मरणाचे दुःख सगळ्या आज्यांना सारखेच. पण नातवाला पत्र लिहिता येते, आजीला ते वाचता येते आणि त्याचे पुस्तक करता येते, अशी घरे या देशात किती होती? आमच्या पणजीने अंगठा उठवून मनिऑर्डर घेतली, एवढाच आमच्या घरचा युद्धकाळाचा इतिहास.

कागद नव्हताच. होते ते एक पदक. आजीच्या लाकडी पेटीत तळाशी, फडक्यात बांधलेले. आधी ते देव्हाऱ्यात असे. १९५६ नंतर देव नदीत सोडले तेव्हा आजीने पदक तेवढे बाजूला काढून ठेवले. त्यावर पंचम जॉर्जचे डोके आहे. आम्ही ते शंभर वेळा हाताळले होते, पण कड कधी पाहिली नव्हती. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे वाचल्यावर भिंग घेऊन बसलो.

पहिली गोष्ट धातूची. हेच पदक शिपायाला चांदीचे मिळाले. फौजेबरोबर गेलेल्या मजूर-नोकरांना, ज्यांना लष्करी भाषेत 'फॉलोअर' म्हणत, त्यांना ब्राँझचे. आमचे ब्राँझचे आहे. (चांदीचे असते तर एखाद्या दुष्काळी वर्षात सावकाराकडे गेले असते, हेही खरे.) कडेवर पणजोबांचे नाव होते, शेवटी 'नाक' लावलेले. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांतली २२ नावे ज्या 'नाक'वरून आपण आपली म्हणून ओळखतो, तेच नाक. पुढे आर्मी हॉस्पिटल कोअर. आणि हुद्दा स्वीपर.

घरात भांडण झाले ते यावर. थोरले चुलते म्हणाले, "ठेव ते पेटीत परत. बाबासाहेबांनी ती कामं सोडायला सांगितली आणि तू ती पेपरात छापणार?" त्यांचा राग आम्हाला समजतो. त्यांच्या लहानपणी शाळेत मास्तर त्यांना वर्ग झाडायला लावीत. तरीही आम्ही वाचत राहिलो. दवाखान्यातल्या झाडूवाल्याचे काम त्या युद्धात काय होते, हे पाहायचे होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईतले जखमी नदीतून बोटींनी बसऱ्याला आणले गेले. मेजर कार्टर या डॉक्टराने 'मेजिदिए' ही बोट धक्क्याला लागताना पाहिली. तिच्या कडांवरून मानवी विष्ठा लोंबत होती, जखमी त्यातच पडले होते. कार्टरने तोंड उघडले म्हणून वरिष्ठांनी त्याला धमकावले. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ साली अहवाल आला. कार्टरचे नाव इतिहासात गेले, ते योग्यच झाले. पण त्या बोटी धुतल्या कोणी? पुढे कॉलरा, हगवण आली. बगदाद जिंकणारा सेनापती जनरल मॉड नोव्हेंबर १९१७ मध्ये कॉलऱ्यानेच मेला. सेनापतीला जो रोग सोडत नाही, त्या रोगाच्या वॉर्डातली भांडी रोज हाताने उचलणारा माणूस ब्राँझचा धनी.

मग 'डागदर' कुठून आला? हे कोडे आमच्या आत्याने सोडवले. ती नव्वदीची आहे, ऐकू कमी येते, आठवते मात्र सगळे. तिच्या आजीने तिला सांगितले होते की, पणजोबा परत आल्यानंतर वाड्यात पटकी आली. त्यांनी घरोघर पाणी उकळून प्यायला लावले, रोग्याच्या घाणीवर चुना टाकून ती खोल पुरायला लावली, सुईण मंतर घालायला आली तिला हात धुवायला लावले. माणसे वाचली, लोक डागदर म्हणू लागले. उकळलेले पाणी त्यांनी बसऱ्याच्या वॉर्डात पाहिले होते. गावच्या विहिरीवर मात्र त्यांना हात लावता येत नव्हता. त्याच मुलखात १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, मूत्र, दूध, दही कालवून ते तळे 'शुद्ध' केले. स्वच्छता कोणाला कळत होती, हे वाचकांनी ठरवावे.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात इंग्रज शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे कोरले, बाकी हिंदी माणसांचा पलटणीगणिक फक्त आकडा. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. लाहोरच्या संग्रहालयातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्याही त्याच सुमारास संगणकावर येऊ लागल्या. आपल्याकडच्या घरांत पेटीच्या तळाशी अशी किती पदके असतील? ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते चिंचेने वा राखेने घासू नये, कडेची अक्षरे झिजतात. भिंगाखाली धरावे, अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे. हुद्दा काय निघतो याला भिऊ नये.

पुतणी आता सरकारी दवाखान्यात आहे. पदक तिने मागून नेले. चुलत्यांनी हा लेख छापण्यापूर्वी दोनदा वाचला. पणजोबांचे नाव छापू नये, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती आम्ही पाळली आहे.