जाळीतली फट

रविवारी सकाळी बोरिवलीहून सुटणारी चर्चगेट लोकल पाहावी. स्वतःपेक्षा मोठी किटबॅग सांभाळत पोरं दारात उभी असतात आणि बॅगेला हेल्मेट लटकत असतं. ते दिसलं की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. पण बँकेतल्या नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली. तारण आहे एवढ्यानं कर्ज सुरक्षित होत नाही; तारण तपासावं लागतं. हेल्मेटचंही तसंच आहे.

आमच्या पिढीनं क्रिकेट उघड्या डोक्यानं पाहिलं. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूनं नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. 1998 मध्ये ढाक्याला रमण लांबा शॉर्टलेगला हेल्मेटविना उभा राहिला आणि जिवाला मुकला. 2014 मध्ये सिडनीला फिल ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू लागला तो त्याच्या खाली, मानेवर.

म्हणजे हेल्मेट आहे की नाही, हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा, ते काय झाकतं हा. 'बीएस 7928 : 2013' या ब्रिटिश मानकात चेंडू जाळीवर मारून दोन गोष्टी पाहतात: तो फटीतून आत शिरतो का आणि जाळी वाकून चेहऱ्याला टेकते का. मोठ्यांचा आणि मुलांचा चेंडू यांची चाचणी वेगळी होते. त्याला कारण आहे. नियमाप्रमाणे मोठ्यांच्या चेंडूचा घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर, तर तेरा वर्षांखालील मुलांचा 20.5 ते 22. मोठा चेंडू अडवणारी फट धाकट्या चेंडूला वाट देऊ शकते. "वाढत्या अंगाचं घेऊ" हा आपला मध्यमवर्गीय हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, हेल्मेटला नाही. तेव्हा दुकानात रंग पाहण्याआधी आतलं लेबल वाचावं. पट्टा बांधून मुलाला मान हलवायला सांगावी. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नव्हे. मानेचं कवच मागून घ्यावं. आणि जोराचा फटका बसलेलं हेल्मेट, वरून चांगलं दिसलं तरी, बदलावं.

आता राहिला पंच. बेसबॉलचा पंच झेल घेणाऱ्याच्या मागे उभा राहतो, म्हणून जाळीचा मुखवटा चढवतो. आपला पंच समोरच्या टोकाला, टोपी घालून. 29 नोव्हेंबर 2014 रोजी इस्रायलमध्ये अशदोदला हिलेल ऑस्कर हा पंच चेंडू लागून गेला. डिसेंबर 2015 मध्ये दिंडिगलच्या रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियाचा जॉन वॉर्ड जखमी झाला. पुढच्याच महिन्यात तो कॅनबेराला हेल्मेट घालून उभा राहिला. आयसीसीनं जून 2023 पासून वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्टीला चिकटून उभा यष्टिरक्षक आणि फलंदाजासमोरचे जवळचे क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्या यादीत पंच नाही.

आपल्या मैदानांवर तर एका वेळी अनेक सामने रंगतात. जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू कानामागे लागून एक क्षेत्ररक्षक दगावला. तिथे दिवसभर उन्हात उभा राहणारा पंच बहुधा कुणाचा तरी बाप किंवा आजोबा असतो. पोराचं हेल्मेट घ्यायला निघाल, तेव्हा त्याच्या पांढऱ्या टोपीचाही विचार व्हावा.