अमेरिकन पद्धतीची शाळा : पाटी आणि पद्धत

आपल्या पंचवटी परिसरात दिंडोरी रोडने किंवा पेठ रोडने जाताना 'इंटरनॅशनल स्कूल' ही पाटी आता कोणालाही नवलाची वाटत नाही. मागे एकदा अभ्यासिकेत रिक्षा चालविणारे एक बंधू आले. त्यांच्या हातात अशाच एका शाळेचे रंगीत माहितीपत्रक होते. "गुरुजी, इथे अमेरिकन पद्धतीचं शिक्षण आहे म्हणतात. सोसायटीचं कर्ज काढून पोराला घालू का?" असे त्यांनी विचारले. त्यांना त्या वेळी थोडक्यात सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

खरी अमेरिकन शाळा परदेशात का निघते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या वकिलातीतील अधिकारी किंवा मोठ्या कंपन्यांचे लोक दर दोन-तीन वर्षांनी देश बदलतात. बाप आज मुंबईत, उद्या मनिलात, परवा नैरोबीत. मुलाचा वर्ग मात्र मोडता कामा नये. म्हणून जगभर अशा शाळा निघाल्या. अमेरिकन परराष्ट्र खात्याकडून साहाय्य मिळणाऱ्या शाळाच १३०हून अधिक देशांत आहेत. दिल्लीतील अमेरिकन एम्बसी स्कूल १९५२ सालची. आपल्या महाराष्ट्रातील नमुना म्हणजे मुंबईची अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे. ती १९८१ मध्ये सुरू झाली व आज वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुले सकाळी जातात, दुपारनंतर घरी येतात, म्हणजे ही वसतिगृहाची शाळा नव्हे. वर्ष जूनमध्ये नव्हे तर ऑगस्टमध्ये सुरू होते. फी लाखांच्या घरात असते आणि ती बहुधा बापाची कंपनीच भरते. तेव्हा ही शाळा मुळात आपल्यासाठी काढलेलीच नाही, हे मनात पक्के ठेवावे.

तेथील शिकविण्याची रीत मात्र जाणून घेण्यासारखी आहे. बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच सलग शिक्षण. पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी मधली शाळा आणि नववी ते बारावी हायस्कूल, अशी साधारण विभागणी. दहावीला बोर्डाची परीक्षा नाही, बारावीलाही नाही! नववीपासून विद्यार्थी काही विषय सक्तीचे व काही आपल्या आवडीचे घेतो. विषय पुरा केला की त्याचे क्रेडिट जमा होते, आणि ठराविक क्रेडिट झाली की डिप्लोमा मिळतो. गुण एका पेपरावर ठरत नाहीत. वर्षभरातील गृहपाठ, प्रकल्प, चाचण्या आणि वर्गातील चर्चेतील सहभाग, सगळे धरून श्रेणी देतात व तिची सरासरी चारपैकी काढतात. हुशार मुले 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' हे कॉलेजच्या तोडीचे विषय घेतात. त्यांची परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण एक ते पाच असे मिळतात. कॉलेज प्रवेशाच्या वेळी या गुणांबरोबर शिक्षकांची शिफारसपत्रे व विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंधही पाहतात.

अमेरिकेत सर्व देशासाठी एक बोर्ड नाही, ही गोष्ट आपल्याकडील पालकांना चमत्कारिक वाटते. तेथे शाळेची तपासणी करून मान्यता देणाऱ्या संस्था आहेत. मान्यता नसलेल्या शाळेचा डिप्लोमा म्हणजे नुसता चांगला कागद. असा डिप्लोमा घेऊन भारतातील कॉलेजात जायचे तर भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र लागते. पुढे वैद्यकीयला जायचे असेल तर विषयांची निवडही आधीपासून जपून करावी लागते.

त्या बंधूंच्या हातातील पत्रक आम्ही दोघांनी नीट वाचले. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सीबीएसई संलग्नता प्रस्तावित' असे छापले होते. म्हणजे अमेरिकन तर सोडाच, दिल्लीचेही अजून ठरायचे होते. पाटीवर इंटरनॅशनल लिहिणाऱ्या पुष्कळ शाळांत सीबीएसई, आयसीएसई किंवा आपल्याच राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असतो. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी अमेरिकेचे पैसे का मोजायचे?

येथे बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांचे शालेय शिक्षण सातारा व मुंबईत झाले. वर्गातल्या मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून त्यांनी अक्षरे गिरविली. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ मध्ये बी.ए. आणि मग सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३च्या जुलैत न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे विषयवर्ग घेतले त्यांची नोंद पाहण्यासारखी आहे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. हवा तो विषय निवडण्याची मोकळीक हा अमेरिकन पद्धतीचा गाभा, आणि त्या मोकळिकीचा एवढा उपयोग करून घेणारा विद्यार्थी विरळाच. त्यांचे तेथील गुरू प्रा. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे एक प्रयोगशाळा काढली होती, जिथे मुले सुतारकाम व स्वयंपाक करता करता गणित आणि विज्ञान शिकत. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा तेथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. प्रश्न विचारण्याची सवय लावणारी ही गोष्ट फीवर अवलंबून नव्हती.

ज्यांना खरोखर अमेरिकेत शिकायचे आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. ती शाळेच्या फीसाठी मिळत नाही, आणि शाळा कोणत्या माध्यमाची होती हेही त्यात पाहत नाहीत. पदवीचे गुण, विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, उत्पन्नाची मर्यादा या अटी असतात व त्या बदलत राहतात, म्हणून समाजकल्याण विभागाची त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. विद्यापीठाच्या प्रवेश अर्जासोबत बहुधा निबंध व शिफारसपत्रे लागतात. ती लिहिण्याचा सराव पदवीच्या पहिल्या वर्षापासून करता येतो.

रिक्षावाले बंधू दुसऱ्या दिवशी त्या शाळेत जाऊन आले. संलग्नता कधी मिळणार, बारावीचे प्रमाणपत्र कोणाचे असेल आणि वर्गात किती मुले आहेत, हे तीन प्रश्न त्यांनी कागदावर लिहून नेले होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे मिळाले. त्यांनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. मुलगा आता जवळच्या मराठी शाळेत सहावीत आहे आणि इंग्रजीसाठी संध्याकाळी अभ्यासिकेत येतो.